म्युऑन कोलायडरचा डिटेक्टर कसा बनवणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युऑन कोलायडरवर (म्युऑन नावाचे कण समोरासमोर धडकवायच्या मशीनवर) बोलायला लागलं की सगळी चर्चा मशीनवर जाते, म्युऑन बनवायचे कसे, थंड करायचे कसे, पळवायचे कसे वगैरे. धडकेतून निघालेले कण टिपणाऱ्या डिटेक्टरचं कुणी फार विचारत नाही, आणि विचारलं तर "एलएचसीसारखाच असेल ना" असं म्हणून विषय संपतो (एलएचसी म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतलं प्रोटॉन धडकवणारं मशीन). तसा नाहीये तो, आणि का नाही तेच खाली लिहिलंय. ज्यांनी बारावीचं फिजिक्स केलंय त्यांना बहुतेक सगळं कळेल.

म्युऑनच का? इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन काय वाईट आहेत?

वाईट कुणीच नाही. प्रोटॉन क्वार्क आणि ग्लुऑन नावाच्या छोट्या कणांनी भरलेल्या पिशवीसारखा वागतो, धडक होते ती आतल्या क्वार्क-ग्लुऑनची, आणि त्यांच्याकडे प्रोटॉनच्या एनर्जीचा छोटासाच हिस्सा असतो. इलेक्ट्रॉन मूलभूत कण आहे म्हणून सगळी एनर्जी धडकेत मिळते, पण तो इतका हलका की गोल फिरवला की सिंक्रोट्रॉन रेडिएशनमध्ये (वळताना निघणाऱ्या किरणांमध्ये) एनर्जी उधळत जातो. म्युऑन इलेक्ट्रॉनसारखाच मूलभूत पण २०७ पट जड. हे रेडिएशन वस्तुमानाच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणजे त्याच एनर्जीला आणि त्याच रिंगमध्ये म्युऑन शंभर कोटींपेक्षाही जास्त पट कमी एनर्जी गमावतो. म्हणून १० टीईव्हीचं (टीईव्ही म्हणजे लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं माप) मशीन साधारण १० किलोमीटर घेराच्या रिंगमध्ये बसतं, एलएचसीचा घेर २७ किलोमीटर आहे आणि तिथे डिझाइन एनर्जी १४ टीईव्ही असली तरी एका धडकेत खरी वापरता येणारी एनर्जी त्याच्या बरीच खाली असते.

पण म्युऑन तर २.२ मायक्रोसेकंदांत संपतो ना?

स्थिर म्युऑन, हो. पण ५ टीईव्हीच्या म्युऑनचं (१० टीईव्हीच्या मशीनमध्ये दोन्ही बाजूंनी ५-५ टीईव्हीचे म्युऑन येतात) घड्याळ आपल्या दृष्टीने सुमारे ४७ हजार पट हळू चालतं, त्यामुळे तो सरासरी ०.१ सेकंद जगतो, आणि १० किलोमीटरच्या रिंगमध्ये तेवढ्या वेळात तीन हजारच्या आसपास फेऱ्या होतात. वेगवान जड कण रिलेटिव्हिटीमुळे जास्त जगताना दिसतील हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं, तेव्हा म्युऑन सापडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. हे सगळं मशीन त्याच गोष्टीच्या भरवशावर उभं राहणार आहे.

मग डिटेक्टरवाल्यांना नेमकं टेन्शन कशाचं आहे?

डीकेचं, म्हणजे म्युऑन फुटण्याचं. म्युऑन फुटला की एक इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो निघतात. न्यूट्रिनो निघून जातात, इलेक्ट्रॉन मात्र म्युऑनची साधारण एक तृतीयांश एनर्जी घेऊन रिंगमध्येच राहतो, आणि त्याची एनर्जी रिंगला मानवत नाही म्हणून तो मॅग्नेटमध्ये वळून भिंतीवर आपटतो. आपटला की शॉवर होतो: फोटॉन, इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन, न्यूट्रॉन, सगळं.

एका बंचमध्ये (एकत्र पळणाऱ्या कणांच्या झुबक्यात) साधारण २ लाख कोटी म्युऑन असतात. १० टीईव्हीच्या मशीनमध्ये असा ताजा बंच जाताना रिंगच्या दर मीटरला अंदाजे ६० हजार म्युऑन फुटतात. हे धडकेच्या जागेजवळही होत असतंच, त्यामुळे शॉवरमधली लोंढाभर माती डिटेक्टरमध्ये शिरते. ह्याला बीम-इंड्यूस्ड बॅकग्राउंड म्हणतात, बोलताना सगळे 'बिब' म्हणतात. एका क्रॉसिंगमध्ये (दोन बंच एकदा एकमेकांतून जाताना) बिबचे दहा कोटींच्या घरात कण डिटेक्टरच्या आत येतात, आणि ज्या धडकेसाठी आपण एवढं सगळं केलं तिच्यातून मोजायला मिळतात काही शे कण. बरं, ह्याचा धडकेशी काही संबंधच नाही, धडक झाली नाही तरी बिब येणारच, कारण ते बीम नुसता चालू असण्याचं फळ आहे.

एनर्जी वाढवली की बिब पण वाढणार मग?

नाही! मला ह्या विषयात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. एनर्जी दुप्पट केली तर म्युऑन दुप्पट जगतो, म्हणजे दर मीटरला फुटणारे म्युऑन निम्मे होतात, पण प्रत्येक डीकेमधून निघणारा इलेक्ट्रॉन दुप्पट एनर्जीचा असतो. गुणाकार तोच. बंचमध्ये तेवढेच म्युऑन असतील तर दर मीटरला सांडणारी एनर्जी १.५ टीईव्ही, ३ टीईव्ही आणि १० टीईव्हीला जवळपास सारखीच. सिम्युलेशनमध्येही डिटेक्टरच्या आत येणारं बिब तिन्ही ठिकाणी साधारण एकाच पातळीचं निघालं. त्यामुळे ३ टीईव्हीसाठी केलेला अभ्यास वाया जात नाही. उलट १० टीईव्हीला सिग्नलचे कण जास्त जोरदार असतात, म्हणजे काही बाबतीत काम सोपं होतं.

एक मात्र वाढतं. धडकेच्या जागीच दोन बंच एकमेकांतून जाताना इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होतात, ते १० टीईव्हीला जास्त महत्त्वाचं होतं, कारण ते कण शील्डिंगच्या आतल्या बाजूला जन्मतात, त्यांना अडवायला मधे काहीच नसतं. त्यांना फक्त मॅग्नेटिक फील्डच बीमपाइपजवळ गुंडाळून ठेवू शकतं.

नोजल नोजल म्हणतात ते काय असतं?

धडकेच्या जागेच्या दोन्ही बाजूंना टंगस्टनचे दोन भलेमोठे शंकू, मधून बीम जायला भोक. त्यांचं टोक धडकेच्या बिंदूपासून फक्त ६ सेंटिमीटरवर असतं आणि मागे ६ मीटरपर्यंत पसरलेले असतात. बाहेरून बोरॉन मिसळलेल्या पॉलिथिनचा थर, कारण टंगस्टन फोटॉन-इलेक्ट्रॉन छान गिळतं पण न्यूट्रॉनना हळू करून शोषायला हायड्रोजन आणि बोरॉन लागतात. ही कल्पना अमेरिकेत फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या लोकांनी आणि तिथल्या म्युऑन ॲक्सिलरेटर प्रोग्रॅमने १.५ टीईव्हीच्या मशीनसाठी बारकाईने तपासली होती, तेव्हा कणांचा हिशोब मार्स नावाच्या कोडने व्हायचा, आता युरोपातले गट तोच हिशोब फ्लुकाने करतात.

नोजल नसतील तर डिटेक्टर चालूच शकत नाही, इतकं सरळ आहे ते. नोजलमुळे आत येणारं बिब कित्येक पटींनी घटतं, आणि जे उरतं ते बहुतेक मऊ असतं, म्हणजे एक-दोन एमईव्हीचे (एक एमईव्ही म्हणजे टीईव्हीचा दहा लाखावा भाग) फोटॉन आणि हळू न्यूट्रॉन.

पण किंमत मोजावी लागते. बीमपासून १० अंशांपर्यंतचा सगळा कोन नोजल खाऊन टाकतो, तिथे ट्रॅकर (कणांची वाट टिपणारे थर) नाही, कॅलोरिमीटर (कणांना थांबवून एनर्जी मोजणारा भाग) नाही, काही नाही. शिवाय नोजल स्वतःच नव्या कणांचा उगम होऊन बसतो, त्याच्या पृष्ठभागावरून न्यूट्रॉन निघत राहतात. आणि मॅग्नेटची रचना जरा बदलली की नोजलचा आकार बदलतो, नोजलचा आकार बदलला की व्हर्टेक्स डिटेक्टरची (ट्रॅकरच्या सगळ्यात आतल्या थरांची) जागा बदलते. एलएचसीत मशीनवाले आणि डिटेक्टरवाले बऱ्यापैकी आपापल्या हद्दीत राहू शकतात. इथे ते चालणार नाही, पहिल्या रेषेपासून दोघांनी एकाच कागदावर काढायला लागतं, आणि माझ्या मते ह्या प्रोजेक्टचं यश-अपयश कुठल्या एका सेन्सरपेक्षा ह्यावर जास्त ठरेल.

इतकं करूनही जे आत येतं त्यातून खरे हिट्स (कणाने सेन्सरवर सोडलेल्या खुणा) कसे वेगळे करणार?

वेळेवरून. हेच मुख्य हत्यार आहे.

धडकेतून निघालेला कण साधारण प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे अमुक सेन्सरवर तो किती वाजता पोचला पाहिजे हे आधीच माहीत असतं. बिबचा कण नोजलवरून किंवा भलतीकडून आलेला असतो, रस्ता वेगळा, शिवाय न्यूट्रॉन तर रेंगाळत येतात, मायक्रोसेकंदापर्यंत येत राहतात. मग प्रत्येक हिटला टाइमस्टॅम्प द्यायचा आणि अपेक्षित वेळेच्या आजूबाजूचा अगदी छोटा तुकडा ठेवून बाकी फेकायचं. त्यासाठी व्हर्टेक्स डिटेक्टरमध्ये ३० पिकोसेकंद आणि बाहेरच्या ट्रॅकरमध्ये ६० पिकोसेकंदांचं रिझोल्यूशन धरलेलं आहे. ३० पिकोसेकंदांत प्रकाश फक्त ९ मिलिमीटर जातो. ट्रॅकरमधले बहुतांश बिब हिट्स नुसत्या ह्या चाळणीने जातात.

३० पिकोसेकंद आज अशक्य नाहीत. एलएचसीच्या पुढच्या टप्प्यासाठी (एचएल-एलएचसी) ॲटलस आणि सीएमएस हे तिथले दोन्ही मोठे डिटेक्टर एलगॅड नावाच्या सिलिकॉन सेन्सरचे टायमिंग थर लावतायत, ते ३० ते ५० पिकोसेकंदांच्या आसपास जातात. फरक असा की त्यांचा पॅड मिलिमीटरच्या मापाचा असतो, आणि इथे व्हर्टेक्समध्ये पिक्सेल हवाय २५ बाय २५ मायक्रॉनचा. इतक्या छोट्या चौकोनाखाली ॲम्प्लिफायर, घड्याळ, मेमरी सगळं बसवायचं, त्याची वीज, त्या विजेची उष्णता, ती काढायला कूलिंग, आणि कूलिंगचे पाइप म्हणजे कणांच्या वाटेत आणखी मटेरियल. लिनियर (सरळ रेषेतल्या) कोलायडरमध्ये बीम ट्रेनने, म्हणजे बंचच्या रांगा करून, येतो म्हणून मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक्स बंद ठेवून वीज वाचवायची युक्ती आहे, इथे बंच सतत फिरत असतो त्यामुळे ती युक्तीच चालत नाही. मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम हेच आहे, ह्याच्यापुढे बाकीचं सोपं वाटावं इतकं.

व्हर्टेक्स डिटेक्टरमध्ये थर जोडीजोडीने का लावतात?

दोन सेन्सर २ मिलिमीटरच्या अंतरावर लावले की दोन हिट्स जोडणारी रेषा काढता येते, ती रेषा धडकेच्या बिंदूकडे बोट दाखवत असेल तर ठेवा, नसेल तर सोडा. बिबचे कण वेड्यावाकड्या कोनातून येतात त्यामुळे हे फिल्टर छान चालतं. पण फार कडक लावलं तर चांगलेही मरतात, कारण बी-क्वार्कवाला कण धडकेपासून काही मिलिमीटर जाऊन मग फुटतो, त्याची रेषा मूळ बिंदूकडे नसतेच. हिग्ज (ज्याच्यासाठी मुख्यतः हे मशीन हवंय तो कण) अर्ध्याहून जास्त वेळा बी-क्वार्कच्याच जोडीत फुटतो, म्हणजे ते ट्रॅक फेकले तर मग केलं काय आपण? म्हणून हे फिल्टर किती कडक ठेवायचं ह्यावर अजून काम चाललंय.

कॅलोरिमीटरमध्ये तर सगळं एकत्र मिसळणार, तिथे काय करायचं?

मिसळतंच. इलेक्ट्रोमॅग्नेटिक (फोटॉन-इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या) कॅलोरिमीटरच्या तोंडावर दर क्रॉसिंगला चौरस सेंटिमीटरमागे साधारण ३०० कण पडतात असं १.५ टीईव्हीच्या सिम्युलेशनमध्ये दिसलं, त्यातले ९६ टक्के फोटॉन, सरासरी एनर्जी १.७ एमईव्ही. एकेक कण किरकोळ, पण सगळ्यांचा मिळून सगळीकडे एक जाड थर साचतो. किराणा दुकानदार तेल मोजायच्या आधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो तसं इथे बिबची सरासरी एनर्जी वजा करता येते, अडचण एवढीच की इथलं भांडं दर वेळी थोडं वेगळ्या वजनाचं निघतं. टीईव्हीच्या जेटला (क्वार्कमधून एकाच दिशेने निघणाऱ्या कणांच्या फवाऱ्याला) त्याने फरक पडत नाही. २०-३० जीईव्हीच्या (जीईव्ही म्हणजे टीईव्हीचा हजारावा भाग) जेटची मात्र त्यात पार वाट लागते, आणि हिग्जमधून येणारे जेट काही सगळे मोठे नसतात.

त्यावर उपाय म्हणजे बारीक तुकडे, खोलीची माहिती आणि वेळ. बिब बहुतेक पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच एनर्जी टाकतं, खरा शॉवर खोल जातो. दोन मार्ग आहेत सध्या. एक, सिलिकॉन आणि टंगस्टनचे चाळीस-पन्नास थर, जो क्लिक नावाच्या प्रस्तावित लिनियर कोलायडरच्या डिटेक्टर डिझाइनमधून आला. दुसरा, इटलीतल्या गटांचा क्रिलिन, त्यात लेड फ्लोराइडचे क्रिस्टल पाच थरांत लावलेत आणि प्रकाश सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरने वाचतात. लेड फ्लोराइडमध्ये फक्त चेरेन्कोव्ह प्रकाश (क्रिस्टलमधल्या प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या कणामुळे होणारा) निघतो, तो तत्क्षणी निघतो म्हणून टायमिंग झकास मिळतं, आणि चॅनेल बरेच कमी लागतात. क्रिलिनचे प्रोटोटाइप फ्रास्काटीला आणि सर्नला बीमवर तपासून झालेत. मला स्वतःला क्रिस्टलवाला रस्ता जास्त पटतो, पण सिलिकॉनवाल्यांकडे एलएचसीच्या अपग्रेडचा मोठा अनुभव जमा होतोय ते विसरून चालणार नाही.

सोलेनॉइड (डिटेक्टरचा मोठा मॅग्नेट) कुठे ठेवणार, आत की बाहेर?

ह्यावर खरंच दोन मतं आहेत. १० टीईव्हीसाठी दोन डिटेक्टर डिझाइन पुढे आलीत, म्युझिक आणि माइया. म्युझिकमध्ये मॅग्नेट इलेक्ट्रोमॅग्नेटिक आणि हॅड्रॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण मोजणाऱ्या) कॅलोरिमीटरच्या मधे आहे. माइयामध्ये तो दोन्हींच्या आत, ट्रॅकरच्या लगेच बाहेर. माइयावाल्यांचं म्हणणं असं की मॅग्नेटचं जाडजूड धातू मऊ बिब फोटॉन आधीच गिळून टाकतं, कॅलोरिमीटरला आयती ढाल मिळते. तोटा असा की खरे फोटॉन-इलेक्ट्रॉनसुद्धा त्याच धातूत काही एनर्जी गमावून येतात. दोन्ही डिझाइन असावीत हेच चांगलं, निदान तुलना तरी होते.

म्युऑन कोलायडर आहे म्हटल्यावर म्युऑन मोजणं तरी सोपं असेल?

ओळखणं सोपं, मोजणं अवघड. बाहेरच्या म्युऑन चेंबरपर्यंत बिब फारसं पोचत नाही, नोजलजवळचा भाग सोडला तर. पण ५ टीईव्हीचा म्युऑन ५ टेस्लाच्या फील्डमध्ये दीड मीटरच्या ट्रॅकरमधून जाताना सरळ रेषेपासून ८०-८५ मायक्रॉनच वाकतो, कागदाच्या जाडीएवढं. म्हणजे हजारो सेन्सर काही मायक्रॉनच्या अचूकतेने जागेवर हवेत, नाहीतर मोमेंटमच कळणार नाही. शिवाय एवढ्या एनर्जीचा म्युऑन लोखंडातून जाताना नुसता शांतपणे जात नाही, इलेक्ट्रॉनसारखे शॉवर करायला लागतो.

डेटा किती येणार? ट्रिगर (कुठली धडक ठेवायची ते तत्क्षणी ठरवणारी चाळणी) लागेल का?

इथे मात्र नशीब चांगलं आहे. दोन्ही बाजूंनी एकेकच बंच असतो, १० किलोमीटरच्या रिंगमध्ये ते दर ३३ मायक्रोसेकंदांनी भेटतात. एलएचसीत हेच दर २५ नॅनोसेकंदांनी होतं, म्हणजे हजारपट जास्त वेळा. एका क्रॉसिंगमधले हिट्स एलएचसीच्या पुढच्या टप्प्यापेक्षाही कित्येक पट जास्त असले तरी मधे श्वास घ्यायला वेळ मिळतो, त्यामुळे हार्डवेअर ट्रिगर न ठेवता सगळं बाहेर काढून कॉम्प्युटरवर निवडायचं असा विचार चालू आहे.

रेडिएशनने सेन्सर खराब नाही होणार?

होतील हळूहळू, पण ट्रॅकरमध्ये अंदाज एचएल-एलएचसीच्या तोडीचा आहे, त्याहून भयंकर नाही. तशा परिस्थितीत टिकणारं सिलिकॉन आज बनतं.

नोजलच्या आडून १० अंशांखाली जे जातं ते कायमचं गेलं का?

बहुतेक सगळं गेलं, म्युऑन सोडून! ह्या एनर्जीला हे मशीन प्रत्यक्षात डब्ल्यू आणि झेड बोसॉनचं (वीक फोर्स वाहणाऱ्या कणांचं) कोलायडर होतं: येणारा म्युऑन डब्ल्यू किंवा झेड सोडतो, ते दोन बोसॉन धडकून हिग्ज बनतो. डब्ल्यू सोडला तर म्युऑनचा न्यूट्रिनो होतो आणि दिसत नाही. झेड सोडला तर म्युऑन म्युऑनच राहतो आणि साधारण एक अंशाच्या कोनात पुढे निघून जातो, सरळ नोजलमधून आरपार, कारण टीईव्हीच्या म्युऑनला काही मीटर टंगस्टन म्हणजे काहीच नाही. मग नोजलच्या मागे, लांब टनेलमध्ये म्युऑन पकडायची सोय केली तर दोन प्रकार वेगळे करता येतील, आणि हिग्ज अदृश्य कणांमध्ये फुटतो का हेही तपासता येईल. हा फॉरवर्ड म्युऑन डिटेक्टर अजून बराचसा कागदावरच आहे, त्याकडे जास्त लोकांनी वळावं असं मनापासून वाटतं.

ल्युमिनॉसिटी (किती धडका होऊ शकतात त्याचं माप) कशी मोजणार?

इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन मशीनमध्ये ती छोट्या कोनातल्या भाभा स्कॅटरिंगवरून (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून विखुरण्यावरून) मोजतात, त्याचं गणित होमी भाभांनी १९३६ साली प्रसिद्ध केलं. इथे छोट्या कोनात नोजल बसलेत, म्हणून तीच प्रक्रिया म्युऑनसाठी आणि मोठ्या कोनात वापरायची असा प्रस्ताव आहे. घटना कमी मिळतात पण पुरतात.

एवढा सगळा आटापिटा करून मिळणार काय?

१० टीईव्हीला ठरवलेला पूर्ण डेटा घेतला तर सुमारे एक कोटी हिग्ज, आणि हिग्जच्या जोड्या हजारोंनी. जोड्यांवरून हिग्ज स्वतःशीच किती जोराने बांधला जातो ते काही टक्क्यांपर्यंत मोजता येईल, आज ते जवळपास अंधारात आहे.

दुसरं डार्क मॅटर. हिग्सिनोसारखा (सिद्धांतातला, अजून न सापडलेला) कण १.१ टीईव्हीच्या आसपास असेल तर त्याचा विद्युतभारित जोडीदार अगदी थोडं अंतर जाऊन नाहीसा होतो, ट्रॅक दोन-चार हिट्सनंतर तुटतो. तो पकडायचा तर सगळ्यात आतले थर बीमपाइपच्या जितके जवळ तितकं चांगलं, आणि बिब सगळ्यात जास्त नेमकं तिथेच असतं. व्हर्टेक्स डिटेक्टरच्या एकेका मिलिमीटरवर लोक का भांडतात ते ह्यावरून कळेल.

न्यूट्रिनोमुळे माणसांना धोका असतो असं ऐकलंय?

डिटेक्टरचा प्रश्न नाही हा, पण सतत येतो म्हणून. डीकेचे न्यूट्रिनो रिंगच्या पातळीत बाहेर पडतात आणि दूर कुठेतरी जमिनीवर येतात, तिथे ते क्वचित धडकून थोडं रेडिएशन करतात. रिंग खोल ठेवणं आणि मॅग्नेट यंत्राने हळूहळू हलवून बीमची दिशा बदलत राहणं, ह्याने डोस नगण्य ठेवायचं लक्ष्य आहे.

हे बनणार कधी, कुठे?

मंजुरी कुठेच नाही अजून. सर्नमध्ये इंटरनॅशनल म्युऑन कोलायडर कोलॅबोरेशन काम करतंय, कणभौतिकीच्या २०२० च्या युरोपियन स्ट्रॅटेजीनंतर ते उभं राहिलं. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या माइस प्रयोगाने आयोनायझेशन कूलिंग (मटेरियलमधून पाठवून म्युऑनचा पसरट झुबका आवळणं) खरंच होतं हे दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत कणभौतिकीचा प्राधान्यक्रम सुचवणाऱ्या पी५ समितीने १० टीईव्हीच्या दिशेने संशोधन करायला सांगितलं, फर्मीलॅबच्या आवारात अशी रिंग बसू शकते. सगळं जमून आलं तरी २०५० च्या आसपासची गोष्ट आहे.

आपल्याकडून कुणी ह्यात काही करू शकतं का?

का नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरने सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलोरिमीटरच्या कामात मोठा वाटा उचललाय, ट्रॉम्बेच्या बीएआरसीमध्ये सीएमएससाठी रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर (आरपीसी) बनलेत. सिंटिलेटर (त्या कॅलोरिमीटरमधलं, कण गेला की चमकणारं प्लॅस्टिक) आणि आरपीसी ह्या दोन्ही गोष्टी इथल्या डिझाइनमध्येही लागतात, म्हणजे अनुभव घरातच आहे.

विद्यार्थ्यांसाठी सांगायचं तर ह्या डिटेक्टरचं सॉफ्टवेअर सगळं खुलं आहे. जिआंट४ (कणांचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) शिका, मग डीडी४हेपमध्ये भूमिती कशी लिहितात ते बघा, ट्रॅकिंगसाठी ॲक्ट्स वापरतात ते चालवून पाहा. सुरुवातीला बिब न मिसळता नुसत्या एका म्युऑनचा ट्रॅक काढा, तो नीट जमल्यावर थोडं बिब मिसळा, पूर्ण बिबला साधा लॅपटॉप पुरणार नाही. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हा विषय आपला नाही असं समजू नका, २५ मायक्रॉनच्या पिक्सेलखाली ३० पिकोसेकंदांचं घड्याळ कमी विजेत बसवून दाखवणारा माणूस ह्या क्षेत्राला आज हवाय, तो फिजिक्सचाच असायला पाहिजे असं काही नाही.